एसटी फुकट, पण फाट्यापर्यंत जायचं कसं?

आमचे आण्णा ७८ वर्षांचे. वस्तीवरून रोज सांजेला गावातल्या देवळात हरिपाठाला चालत जायचे. ऊसतोड सुरू झाली आणि जाणं थांबलं. दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, टेपचा आवाज कान फाटेपर्यंत, त्यात साईडपट्टी खचलेली. गेल्या महिन्यात चारीत उतरले म्हणून वाचले. तेव्हापासून म्हणतात, "गुडघं दुखतंय." गुडघं कसलं, भ्या बसलंय.

२०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, चांगलंच झालं. पण फाट्यापर्यंत चालायचं ह्याच रस्त्यानं. मग बाजार नाही, पाव्हणारावळा नाही, मयतीलासुद्धा कुणीतरी गाडीवर नेलं तरच.

माझाही ऊस ह्याच ट्रॉल्यांतून जातो, त्यामुळं आधी स्वतःलाच बोलतोय. यंदा ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, मागं लाल रेडियम पट्टी लावल्याबिगर माझ्या फडात ट्रॉली भरायची नाही. कुरकुरला, पण लावली. डिझेलच्या मानानं खर्च काहीच नाही, राव. तुमच्या फडातही एवढं बघा.

साईडपट्टीच्या मुरमाचा विषय ग्रामसभेत काढणार आहे. ज्यांनी तिथं उठून बोलायला पाहिजे ती म्हातारी माणसं मात्र घरात बसलीत. त्या दिवशी आण्णांना आणि शेजारच्या दोघांना मीच गाडीतून नेणार.