चेटकिणीचा झाडू



मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकात झाडूवर बसून उडणारी चेटकीण तुम्ही पाहिली असेलच. टोकदार काळी टोपी, वाकडे नाक, सोबत मांजर. हे चित्र मूळचे युरोपातले. आपण केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतो, लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतो. तिकडे मात्र तीच घरची वस्तू सैतानाच्या कामाची ठरली.

अशा चित्रांपैकी फार जुने एक १४५१ च्या सुमाराचे आहे. मार्टिन ल फ्रांक या कवीच्या फ्रेंच काव्याच्या हस्तलिखितात, समासामध्ये दोन बायका उडताना दिसतात. एक झाडूवर, दुसरी नुसत्या काठीवर. टोकदार टोपी नाही, डोक्याला साधे फडके. कोणाच्याही शेजारणी वाटाव्यात अशा! (झाडूवरून उडाल्याची एक जुनी कबुली मात्र एका पुरुषाची, तीही धर्मगुरूची आहे, १४५३ सालची.)

१४८९ साली उलरिश मोलिटोर यांचे पुस्तक छापून निघाले. त्यातल्या एका चित्रात चेटकिणी दुबेळक्या काठीवर बसून उडतात. दुसरे चित्र तुम्ही-आम्ही नीट पाहावे असे आहे. दोन बायका उकळत्या हंड्यात कोंबडा आणि साप टाकताहेत आणि वरून गारा पडताहेत. म्हणजे गारपिटीने पीक गेले, तर त्याचे खापर कोणावर फोडायचे ते चित्रानेच सांगून ठेवले होते. गाय आटली, पोर दगावले, की गावातल्या एकट्यादुकट्या म्हातारीकडे बोट जाई. पुढे छळ करून कबुली घेत. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात अशा खटल्यांतून सुमारे ४० ते ६० हजार माणसे मारली गेली, त्यांत बायकाच जास्त.

खटले थांबत आले तशी चित्रेही बदलली. १७९९ साली स्पेनच्या गोया यांनी झाडूवरच्या चेटकिणी काढल्या त्या लोकांच्या खुळ्या समजुतींची टर उडवायला. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या अमेरिकन चित्रपटात चेटकिणीचे तोंड हिरवे झाले. १९९७ पासूनच्या हॅरी पॉटरच्या गोष्टींत तर मुले-मुली झाडूवर बसून चेंडू खेळतात. तिथला झाडू आता खेळणे झाला, हे बरेच झाले.

आपल्याकडे झाडूचे चित्र नव्हते, पण बोट दाखवणे होतेच, आणि ते अजून गेलेले नाही. सातपुड्यात 'डाकीण' म्हणून बायकांना मारझोड झाली आहे, गाव सोडावे लागले आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमका करणी करतो किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवतो असे सांगून त्याचे जगणे कठीण करणे, हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, शिवाय दंड. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी.

आणि दूध एकाएकी कमी झाले, तर आधी कास चाचपून पाहा. गरम, कडक, दुखरी लागली, दुधात गुठळ्या आल्या, तर तो कासदाह, आपण ज्याला दगडी म्हणतो तो असण्याचा संभव फार. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.