आरोग्यविचार : आतड्यातील पॉलिप आणि रक्ताचे नातेवाईक

आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या मृत्यूचे कारण विचारले असता पुष्कळदा “पोटाच्या दुखण्याने गेले” एवढेच उत्तर मिळते. कोकणातील गावी डॉक्टर दूर, कागदपत्र कोणी ठेवलेले नाही. त्या दुखण्यात आव असेल, संग्रहणी असेल, मूळव्याधीचा समजून दुर्लक्षिलेला रक्तस्रावही असेल. आज त्याचा उलगडा होणे कठीण. परंतु एकाच घरातील बाप, काका आणि थोरला मुलगा चाळिशीच्या आसपास अशाच दुखण्याने गेले असतील, तर त्या घरातील आज धडधाकट असलेल्या माणसांनी ही हकीगत डॉक्टरांच्या कानी घातलीच पाहिजे.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर अळंबीसारख्या लहान गाठी उगवतात, त्यांस पॉलिप म्हणतात. उतारवयात एखाददुसरा पॉलिप अनेकांस असतो. तथापि काही घराण्यांत ऐन पौगंडावस्थेतच शेकडो, क्वचित हजारो पॉलिप उगवू लागतात. या आनुवंशिक विकारास डॉक्टर ‘एफ.ए.पी.’ म्हणतात. त्यातील प्रत्येक पॉलिप घातक नसतो. पण इतक्या संख्येत एखादा तरी कर्करोगाकडे वळणार, आणि उपचार न केल्यास बहुधा चाळिशीच्या सुमारास वळतोच. याचे मूळ ‘ए.पी.सी.’ नावाच्या जनुकात आहे, हे १९९१ साली निश्चित झाले. आईवडिलांपैकी एकास हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो, मग मुलगा असो की मुलगी. ज्याला तो मिळाला नाही त्याच्या मुलाबाळांतही तो उतरत नाही. “आजोबांचा रोग एक पिढी टाकून नातवाला झाला” हा समज येथे लागू नाही. उलट, चार-पाच रुग्णांमागे एकाच्या घरात पूर्वी हा विकार कोणासही नसतो. दोष त्याच्यापासूनच सुरू होतो.

हा अश्केनाझींचा रोग, आपल्याला त्याचे काय, असेही बोलले जाते. अश्केनाझी यहुद्यांत याच जनुकातील एक सौम्य फेरफार पुष्कळांत आढळतो, त्यावरून हा गैरसमज झालेला दिसतो. तो फेरफार निराळा. एफ.ए.पी. जगातील सर्व लोकांत आढळते.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२४ साली अशा घराण्यांची नोंदवही सुरू झाली. रुग्ण सापडला की त्याची भावंडे, मुले, चुलत नातेवाईक यांना बोलावून तपासावयाचे, अशी ती पद्धत. अशा नोंदवह्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली : रक्त पडू लागल्यावर जे आपणहून आले त्यांतील पुष्कळांना कर्करोग आधीच जडलेला होता, काहीच त्रास नसताना ज्यांना बोलावून तपासले त्यांच्यात तो क्वचितच निघाला. “मला कुठे काय होते आहे?” या प्रश्नाला याहून सरळ उत्तर नाही.

रुग्णाच्या रक्तावरून जनुकातील दोष नेमका सापडला, तर नातेवाईकांची साधी रक्ततपासणी पुरते. ज्याच्यात तो दोष नाही त्याची या चिंतेतून सुटका होते. ज्याच्यात आहे, किंवा घराण्यातील दोष सापडलेलाच नाही, त्याची आतड्याची दुर्बिणीतून तपासणी साधारण दहा-बारा वर्षांच्या वयापासून दर एक-दोन वर्षांनी करतात. पॉलिप फार वाढले की मोठे आतडे काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, बहुधा विशीच्या आसपास. ऐकावयास हे भयंकर वाटते खरे. परंतु अशी शस्त्रक्रिया झालेली माणसे संसार करतात, नोकरी करतात. गुदाशयाचा भाग राखला असल्यास त्याची तपासणी मात्र जन्मभर चालू राहते.

याच जातीचा दुसरा एक विकार ‘म्यूटीएच’ जनुकाचा. त्यात दोष आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो, म्हणून मागच्या पिढीत कोणी आजारी नसतानाही भावंडांत तो प्रकटतो. ज्या घरांत आते-मामे भावंडांची लग्ने होत आली आहेत, त्यांनी ती गोष्ट डॉक्टरांना सांगण्यात संकोच करू नये. जनुकाचा दोष नसला, पण आई, वडील वा भावंडाला आतड्याचा कर्करोग साठीच्या आत झाला, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाच्या रोगाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. पन्नाशीनंतर कुपत होलीमतर्फे होणारी शौचातील रक्ताची तपासणी सर्वसामान्यांसाठी आहे. अशा घराण्यांनी तिच्यावर विसंबून राहू नये.

कोलोनोस्कोपीची भीती मुख्यतः तयारीची असते. योम किप्पूरला पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या आपल्या लोकांना एक दिवस अन्न वर्ज्य करणे काय जड? येथे तर पाणी, गाळलेले सूप, काळा चहा भरपूर घ्यावयाचा असतो. जुलाबाचे औषध मात्र बेचव असते, ते कबूल. आधीचे काही दिवस बिया, सुका मेवा, खोबरे बंद. तेव्हा त्या आठवड्यात कुणाकडे मलिदा असेल तर बराखा ऐकावी आणि ताट पुढे सरकवावे. रक्त पातळ होण्याचे किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल तर आधी विचारावे. गुंगीचे औषध देतात, म्हणून घरी नेण्यास कोणी सोबत हवे. तपासणी साधारण अर्ध्या तासाची. पॉलिप थोडे असल्यास त्याच वेळी काढूनही टाकतात.

खरी अडचण निराळीच आहे. रोग कळला की घरात ठरते, “मुलीचे लग्न होईपर्यंत कोठे बोलू नका.” आईबापांची काळजी समजते. परंतु जे बाहेर बोलावयाचे नाही ते आत्याला, मावशीला, त्यांच्या मुलांनाही सांगितले जात नाही. आणि ज्यांना ही बातमी सर्वांत आधी हवी, तेच शेवटी ऐकतात. नोकरी जाईल, ही भीतीही असते. इस्राएलमध्ये २००० सालच्या कायद्याने मालकास जनुकीय तपासणी मागता येत नाही.

आपली भावंडे दिमोनात, अश्दोदात, तशीच ठाण्यात आणि मुंबईतही आहेत. जनुक-सल्लागाराकडून निदानाचे पत्र इंग्रजीतही मागून घ्यावे व त्याची प्रत प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीला पाठवावी. ठाण्यातील डॉक्टराला ‘पोटाचे दुखणे’ एवढ्यावरून काही करता येणार नाही. जनुकाचे नाव व दोषाचा नेमका प्रकार लिहिलेला कागद हाती पडला, तर तेथेही हीच रक्ततपासणी करून घेता येते.