चारशे मीटरांसाठी तीनशे किलोमीटर

आमच्या आक्काचा माझ्यावर फार विश्वास. मी मराठीचा प्राध्यापक, तेव्हा माझ्या हातून काही वावगे घडणे शक्य नाही, अशी तिची समजूत. त्यामुळे तिच्या चिरंजीवांनी मोटारसायकलींच्या ड्रॅग शर्यतीसाठी कोल्हापुराहून लोणावळ्याला जायचा बेत जाहीर केला, तेव्हा तिने एकच अट घातली, "मामा बरोबर असेल तर जा."

ड्रॅग शर्यत म्हणजे काय, हे मला टेंपोत बसल्यावर कळले. वळणे नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, समोरचा दिवा हिरवा झाला की सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत पळायचे. संपले! खेळ मूळ अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्ट्यांवर तो वाढला आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिथल्या सर्वांत वेगवान मोटारी आज ताशी पाचशे किलोमीटरांच्या वर जातात. त्यांचा पल्ला मात्र आता हजारच फुटांचा आहे. २००८ साली स्कॉट कॅलिटा हा शर्यतपटू अपघातात मरण पावला, त्यानंतर तो कमी केला. एवढी शेवटची माहिती भाच्याने आईला दिली नव्हती.

आम्ही मात्र तीनशे किलोमीटर निघालो होतो, ते चारशे मीटर पळायला. भाचा, त्याचा एक मित्र, गॅरेजातले मिस्त्री आणि मी. मागे दोरांनी आवळलेली मोटारसायकल. तिच्यात भाच्याची वर्षभराची शिल्लक गेली होती, आणि पुढच्या महिन्यात कंपनी त्याला चेन्नईला धाडणार होती. म्हणजे ही पहिली शर्यत आणि बहुधा शेवटचीही.

कऱ्हाड ओलांडले आणि उंब्रजच्या अलीकडे मागच्या चाकातून कुरकुर सुरू झाली. मग जळका वास. रात्रीचे अकरा वाजले होते. मिस्त्री चाकाखाली वाकले, उठले, हात पुसत म्हणाले, "बेअरिंग गेलंय सर. सकाळी कऱ्हाडची दुकानं उघडल्याबिगर गाडी हलायची न्हाई." सकाळी नऊला लोणावळ्यात गाड्यांची तपासणी बंद व्हायची होती. दुसरा टेंपो मिळतो का म्हणून मित्राने दहा ठिकाणी फोन केले. मिळाला नाही.

भाचा मुकाट्याने दोर सोडू लागला. "मामा, मी हीच चालवत जातो. रस्ता मोकळा आहे."

त्या गाडीला पुढचा दिवा नव्हता, नंबराची पाटी नव्हती. मागचे चाक लांब सरकवलेले, आणि त्याचा टायर तुळतुळीत. कोरड्या जमिनीला चिकटावा म्हणून तो तसा असतो. पण नक्षी नसल्यामुळे ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकले जात नाही आणि चाक पाण्यावरच तरंगते. आणि बारीक पाऊस सुरू झाला होता.

मी ताडकन "नाही" म्हणालो, असे इथे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते! पण पोराचा चेहरा पाहवेना. शिवाय वीस वर्षे मुलांपुढे धाडसाच्या गोष्टी सांगितलेल्या. भित्रा म्हातारा मामा ठरायची लाज वाटली. मी म्हणालो, "हळू जा."

भाच्याने बटण दाबले. स्टार्टर फिरला, इंजिन काही लागेना. पुन्हा दाबले. मिस्त्री टॉर्च घेऊन वाकले, "थांबा, मी बघतो," म्हणाले, बराच वेळ खुडबुड करत राहिले. अखेर बॅटरीही उतरली. भाचा रस्त्याच्या कडेला बसला आणि हुंदके देऊन रडला. तेवीस वर्षांचा घोडा! मला त्याच्याजवळ जाण्याचे धैर्य झाले नाही.

दोनच्या सुमारास ढाब्यावर चहा घेताना तो प्रथम बोलला, तेही डॉन गार्लिट्स नावाच्या अमेरिकन शर्यतपटूविषयी. १९७० साली लाँग बीचजवळ त्याच्या पायांपाशी असलेली गिअरची पेटी फुटली, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला, गाडीचे दोन तुकडे झाले. तेव्हा त्या गाड्यांत इंजिन चालकाच्या पुढ्यात असे. रुग्णालयात पडल्या पडल्या याने ते पाठीमागे नेण्याचा विचार केला आणि तशा गाडीने १९७१ साली मोठी शर्यत जिंकली. "पुढे सगळ्यांनी तसंच केलं, मामा," भाचा म्हणाला. मग त्याने आणखी एक कटिंग मागवले.

सकाळी बेअरिंग आले. टेंपोचे तोंड कोल्हापूरकडे वळले. दारात उतरताना मिस्त्रींनी माझ्या तळहातावर नखाएवढी काहीतरी वस्तू ठेवली. "इग्निशनचा फ्यूज हाय. रात्री पडला व्हता," असे म्हणून माझ्याकडे न बघताच ते निघून गेले.

आक्काने पानावर आग्रहाने दुसरा लाडू वाढला. "तू बरोबर होतास म्हणून मी निश्चिंत झोपले हो!" मी लाडू खाल्ला. फ्यूज माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि आक्का हा दिवाळी अंक दरवर्षी न चुकता घेते.