थैली कोणाची, आमदार कोणाचा?

विद्यमान आमदाराला पाडायचे तर त्याच्याइतकाच पैसा उभा केला पाहिजे, हा सिद्धान्त पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या विरोधी गोटांत आता निर्विवाद मानला जातो. स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही त्याला अपवाद नाहीत. वस्तुतः हा सिद्धान्त मान्य करणे म्हणजे मतदानापूर्वीच पराभव पत्करणे होय.

विधानसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची कायदेशीर मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. चिंचवड मतदारसंघात २०२४ साली सहा लाखांहून अधिक मतदार होते. म्हणजे दर मतदारामागे सात रुपयेही पडत नाहीत. परंतु ही मोजणी उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंतचीच. त्याआधी ‘भावी आमदारां’चे फलक, दहीहंडीची बक्षिसे, देवदर्शनाच्या मोफत गाड्या यांवर जे उधळले जाते, ते कोणत्याही हिशेबात येत नाही. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने अमरनाथ चावला प्रकरणात पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या नावे धरला. त्याच वर्षी सरकारने वटहुकूम काढून तो निर्णय निष्प्रभ केला.

मग आव्हानवीराला ही थैली देतो कोण? या पट्ट्यात एकरकमी मोठा पैसा देऊ शकणारा वर्ग ठरलेला आहे : जमिनीचे व्यवहार करणारे, बांधकाम व्यावसायिक, मजूर पुरवणारे आणि भंगाराचे ठेकेदार. अशा दात्याच्या दृष्टीने देणगी हा विमा असतो. तो दोन्ही उमेदवारांवर हप्ता भरतो. कोणीही निवडून आला तरी त्याचे काम अडत नाही. हा कोणा एका व्यक्तीवरील आरोप नव्हे, हे व्यवस्थेचे अर्थशास्त्र आहे. खेड-आळंदी मतदारसंघात २०१४, २०१९ आणि २०२४ या सलग तीन निवडणुकांत विद्यमान आमदार पराभूत झाले, तिन्ही वेळा पक्ष बदलला. चाकणचा कंत्राटी कामगार मात्र कंत्राटीच राहिला.

थैलीविना दिग्गज पडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास आठवावा. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या काँग्रेसच्या निधिसम्राटाला जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवले, ते कामगार संघटनांच्या बळावर. २००९ साली हातकणंगल्यात विद्यमान खासदाराला पराभूत करणाऱ्या राजू शेट्टी यांच्या पाठीशी शेतकऱ्यांची वर्गणी होती. मताबरोबर नोटही देणारा मतदार उमेदवाराला जाब विचारू शकतो. नोट घेऊन मत देणाऱ्याला ती सोय उरत नाही.

येथील अनेक कामगारांची नावे मराठवाडा-विदर्भातील गावच्या मतदारयादीत आहेत, ते वर्गणी का देतील, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, म्हणूनच पावतीपुस्तक आणि मतदार नोंदणीचा अर्ज एकाच पिशवीतून खोलीखोलीत गेले पाहिजेत. चाळीस हजार माणसांनी शंभर-शंभर रुपये दिले की कायद्याची मर्यादा पूर्ण होते, आणि चाळीस हजार घरांशी संघटना जोडली जाते. हे काम निवडणुकीच्या महिन्यात होत नाही. त्यास वर्षे लागतात.

ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी ठेकेदाराची थैली खुशाल घ्यावी. मात्र तिला परिवर्तनाचा निधी म्हणू नये.