विज्ञानवार्ता : निवालेली आग आणि जागती आग

सोलापूरच्या ज्या काळ्या रानांत शाळू पिकतो, तें रान म्हणजे निवालेल्या अग्निरसाचीच झीज होय, हें आमच्या किती वाचकभगिनींस ठाऊक असेल? सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दक्षिणेंत भूमि दुभंगली व तप्त रसाचे थरांवर थर पसरले. त्यांचाच हा काळा पाषाण. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस खोल विवर खणलें, तेव्हां तेथें त्याची जाडी ३३८ मीटर भरली.

येथील अग्नि विझला. अंदमानांतील बॅरन बेटावर मात्र दीड शतकाहून अधिक काळ निद्रिस्त असलेला ज्वालामुखी १९९१ सालीं पुनः पेटला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे श्री. अभय मुधोळकर व त्यांचे सहकारी २३ जानेवारी २०१७ रोजीं तेथें समुद्रतळाचे नमुने घेत असतां अकस्मात् राख उसळली. 'सिंधु संकल्प' नौका मैलभर अंतरावर ठेवून त्यांनीं निरीक्षण आरंभिलें. उद्रेक पांचदहा मिनिटेंच टिके. दिवसा केवळ राखेचे लोट दिसत. सूर्यास्तानंतर तांबड्या रसाचीं कारंजीं.

निर्जन बेटासाठीं हा खटाटोप कशास, असें कोणी म्हणेल. दोन्ही उद्रेकांची जात भिन्न, हें खरें. परंतु आपला पाषाण ओतला गेला तेव्हां पाहावयास मनुष्यच नव्हता. विझलेल्या आगीची भाषा जाणावयाची, तर जागत्या आगीपाशींच बसलें पाहिजे.