घंटी कोणाच्या हाती?

चामोर्शीच्या एस.टी.त वाहकाने घंटी ओढली की चालक गाडी थांबवतो. ‘तू कोण सांगणारा?’ असे विचारीत नाही. विमानाच्या चालककक्षात मात्र ही साधी लोकशाही अद्याप पुरती पोहोचलेली नाही.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले की, मुख्य वैमानिक वाटेत दीर्घकाळ झोपला होता आणि ‘उतरू नका, पुन्हा वर चला’ ही सहवैमानिकाची सूचना तीनदा देऊनही मानली गेली नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला तशीच सूचना डावलली गेली; २१ जीव गेले.

‘व्यक्तीची चूक’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी सांगावे, दहा वर्षांनी तीच चूक दुसऱ्या व्यक्तीच्या हातून कशी होते? दोष श्रेणीशाहीचा आहे. दोन्ही विमाने तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसची होती, हे समाजवाद्यांनी विसरू नये. मालकी सार्वजनिक झाली तरी हुकूमत जुनीच राहू शकते.

म्हणून कनिष्ठाची धोक्याची सूचना वरिष्ठावर बंधनकारक हवी, ती देणाऱ्याला संरक्षण हवे आणि पुरेशी विश्रांती हा हक्क हवा. कामगाराच्या शब्दाला वजन नसेल, तर राष्ट्रीयीकरण ही केवळ पाटी ठरते!