सुनेचे अर्धे राहिलेले शिक्षण

“लग्न तर ठरले, पण मुलीच्या कॉलेजाचे काय?” हा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जातो तो बहुधा मुहूर्त निघाल्यावर. मुलगी साताऱ्याची, बी. ए.चे दुसरे वर्ष संपत आलेले, सासर सांगलीचे. वडील मंडळी सहज म्हणतात, “राहिलेले एक वर्ष आमच्याकडे पुरे करील.” हे बोलणे मनापासूनचे असते, यांत संशय नाही. परंतु झालेली दोन वर्षे कोणत्या नियमाने सांगलीस यावयाची, हे कोणीच पाहिलेले नसते. आणि पुढे शिक्षण थांबले म्हणजे “तिलाच आता आवड राहिली नाही,” असे म्हणून सर्वजण मोकळे होतात.

वस्तुतः आता मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था नियमबद्ध केली. पेढीत रक्कम ठेवावी त्याप्रमाणे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक विद्यार्थिनीच्या खाती जमा होतात व अधिकांत अधिक सात वर्षे उपयोगी पडतात. वर्षाचे किमान ४० श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीस १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६०, असे हे माप आहे. अमेरिकेत गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून उरलेली दोन विद्यापीठात पुरी करण्याची चाल जुनीच आहे.

तथापि श्रेयांक खाती असणे निराळे आणि दुसऱ्या विद्यापीठाने ते मान्य करणे निराळे. म्हणून तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, विद्यापीठ कोणते? १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ महाविद्यालये संलग्न आहेत. दोन्ही महाविद्यालये त्याच विद्यापीठाची असल्यास काम पुष्कळ सोपे होते. परंतु सातारा शहरातील काही महाविद्यालये आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. तेथून सांगलीस येणे म्हणजे विद्यापीठच बदलणे होय.

दुसरी गोष्ट हिशेबाची. पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावेत, असे २०२१ च्या नियमांत आहे. विद्यापीठ बदलून आलेल्या मुलीचे साताऱ्याचे ८० व सांगलीचे ४० धरले, तर सांगलीचा वाटा एक तृतीयांशच भरतो. पहिल्या वर्षानंतर बदल केला, किंवा चार वर्षांची पदवी घेऊन ८० व ८० केले, तरच हिशेब जुळतो. “राहिलेले एक वर्ष इकडे,” हे आश्वासन नेमके येथेच अडते.

तिसरी गोष्ट विषयांची. तिचा मुख्य विषय नव्या महाविद्यालयात शिकवितात काय, आणि कोणते श्रेयांक धरले जातील, याचे उत्तर तेथून लेखी घ्यावे. श्रेयांक विद्यार्थिनीस स्वतः जमा करता येत नाहीत. ते काम संस्थेचे. म्हणून सातारा सोडण्यापूर्वी ते खाती दिसतात की नाही, हे तिने पाहून घ्यावे, आणि विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतराचा दाखलाही तेव्हाच मागावा.

एवढे करूनही हिशेब न जुळला, तर सर्वांत सरळ उपाय घरच्यांच्याच हाती आहे. मुहूर्त एक वर्ष पुढे न्यावा. नाहीतर लग्नानंतर तिने शेवटचे वर्ष माहेरी राहून परीक्षा द्यावी. चार लोक काय म्हणतील, याची भीती येथे थोडी बाजूस ठेवावी लागेल. सासूबाईंनी स्वतः, “परीक्षा झाल्यावरच ये हो,” असे म्हटले, तर त्या चार लोकांसही फारसे बोलावयास उरत नाही.

मंडपाचे व जेवणाचे दर चार ठिकाणी विचारणारी आपली घरे याही कामासाठी एखादी खेप कोल्हापुरास सहज घालू शकतील. मात्र ती खेप मुहूर्त काढण्यापूर्वी घालावी.